एकाच नायकाची पाच पुस्तकं : तिसरी-चौथीच्या मुलांना वाचतं कसं करावं

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं घ्यायला निघाला असाल, तर माझं एक ऐका. वीस निरनिराळी पुस्तकं आणू नका. एकाच नायकाची पाच-सहा आणा, आणि त्यातल्या पहिल्या दोन पुस्तकांच्या जादा प्रती घ्या. खर्च तेवढाच येतो, पण मुलं वाचायला लागतात ती अशा पुस्तकांनी.

मी सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत शिकवते. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. खाली लिहिलेलं सगळं त्या एका खोलीत करून पाहिलेलं आहे. शहरातल्या शाळेत किंवा घरी एकट्या मुलासोबत करायचं असेल तरी फारसं बदलावं लागणार नाही.

दुसरं पुस्तक सोपं का जातं

आमच्याकडे तिसरीत येणारं बहुतेक मूल अक्षरं ओळखतं, पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा म्हणून दाखवतं. तो धडा दहा वेळा कानावरून गेलेला असतो, म्हणून. न पाहिलेलं पान पुढे ठेवलं की त्याच मुलाचा आवाज बसतो, बोट ओळीखाली सरकेनासं होतं. अशा मुलाला आणखी अक्षरओळख नको असते. त्याला पानंच्या पानं वाचायला हवी असतात. आणि तेवढी पानं मूल कुणाच्या धाकानं वाचत नाही. पुढं काय झालं ते कळल्याशिवाय राहवत नाही, म्हणून वाचतं.

आता नवीन गोष्ट म्हटली की पहिली चार-पाच पानं जड जाणारच. कोण कुणाचा कोण, गाव कुठलं, हा बोलतोय तो मोठा की लहान, सगळंच अनोळखी. वर मराठीतली जोडाक्षरं. गेल्या वर्षी चौथीतली एक मुलगी 'फास्टर फेणे' घेऊन माझ्या शेजारी बसली. 'फास्टर' तिनं 'फा... स... ट... र' असं तोडून वाचलं. 'विद्याभवन'पाशी अडली. 'शरद शास्त्री' आला तेव्हा 'स्त्री'वर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ती पुढे गेली, दोन ओळींनी पुन्हा तेच नाव आलं, पुन्हा अडली. तिसऱ्या वेळी अडली नाही. पहिलं प्रकरण संपेपर्यंत 'फास्टर' हा शब्द ती अक्षरं न जोडता, पाहताक्षणी उचलायला लागली होती.

याच मुलीनं त्याच नायकाचं दुसरं पुस्तक उघडलं तेव्हा बनेश फेणे कोण, तो पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, विद्याभवनात शिकतो, सुभाष देसाई आणि शरद शास्त्री त्याचे दोस्त, हे सगळं तिला घरच्यासारखं माहीत होतं. शब्द सोडवण्यात जाणारी ताकद मोकळी झाली आणि ती गोष्टीकडे लागली. सुटं नवं पुस्तक दिलं असतं तर तिला पुन्हा पहिल्या पायरीवरून चढावं लागलं असतं. अडखळणाऱ्या मुलाच्या हाती दर आठवड्याला वेगळं पुस्तक देणं म्हणजे त्याला दर आठवड्याला नव्या गावात नेऊन सोडणं. ओळखीच्या गल्लीत तेच मूल धावत सुटतं.

थोडं गणित करा

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. हा आकडा मला उपयोगी पडतो तो पुस्तक निवडताना. समजा शंभर पानांचं पुस्तक आहे आणि पानावर साधारण २०० शब्द आहेत. एकूण २०,००० शब्द झाले. मिनिटाला ६० शब्द वाचणाऱ्या मुलाला ते संपवायला साडेपाच तास लागतील. रोज वीस मिनिटं वाचलं तर सतरा दिवस. पण मिनिटाला २० शब्दांवर असलेल्या मुलाला तेच पुस्तक पन्नास दिवस पुरेल. पन्नास दिवस एका गोष्टीचा शेवट धरून ठेवणं मोठ्या माणसालाही जमणार नाही.

म्हणून हळू वाचणाऱ्या मुलाला आधी छोटी प्रकरणं असलेली मालिका द्यावी, अशी की प्रत्येक प्रकरणात एक गोष्ट पुरी होते. त्याच बैठकीत, फार तर दुसऱ्या दिवशी, शेवट हाती लागला पाहिजे. 'मी एक गोष्ट वाचून काढली' हे त्या मुलाला लवकर म्हणता यायला हवं.

कोणत्या मालिका, कोणासाठी

अगदी सुरुवातीला, म्हणजे दुसरीचं वर्ष सरताना किंवा तिसरीत मागे असलेल्या मुलांसाठी, माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर'. छोटी छोटी पुस्तकं, पानावर मोजक्या ओळी, आणि सगळीकडे तीच राधा आणि तिच्या घरची माणसं. चित्रं इतकी बोलकी आहेत की ओळ अडली तरी चित्रावरून मूल अंदाज बांधतं. अंदाज बांधणं ही फसवणूक आहे असं काही शिक्षक समजतात. मला ते पटत नाही. चित्र पाहून बांधलेला अंदाज मूल पुन्हा शब्दाशी ताडून पाहतं. तिथंच शिकणं घडतं.

याच पायरीवर 'चिंटू'. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येत असे, तिचे संग्रह मिळतात. तीन-चार चौकटी, फुग्यातली वाक्यं, शेवटच्या चौकटीत गंमत. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या ही मंडळी एकदा ओळखीची झाली की मुलं पुस्तक खाली ठेवत नाहीत. कॉमिक म्हणजे वाचन नव्हे असं म्हणणाऱ्या पालकांना मी एक पट्टी वाचायला देते आणि गंमत कुठं आहे ते विचारते. शेवटच्या चौकटीतली गंमत कळायला आधीच्या चौकटीतलं न सांगितलेलं ओळखावं लागतं. 'यावरून काय समजते?' हा प्रश्न परीक्षेत येतो तो हाच.

पुढची पायरी माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त फिरते. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' मुळात आकाशवाणीसाठी लिहिला गेला, त्यामुळे त्याची वाक्यं तोंडात सहज बसतात. मोठ्यानं वाचायला याच्यासारखी मालिका नाही. राजहंस प्रकाशनानं काढलेले त्याचे भाग सुटे मिळतात, प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे, आणि खोडकर बोक्या शेवटी कुणाच्या तरी भल्याचं काहीतरी करून जातो, हे मुलांना फार आवडतं. त्याचं खरं नाव चिन्मयानंद. हे नाव फळ्यावर लिहून 'वाचा' म्हणा. अख्खा वर्ग जोडाक्षराचा सराव आनंदानं करतो.

ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' तीन भागांत आहे. आईबाप नसलेल्या या मुलाची गोष्ट जुनी आहे, भाषाही जुन्या वळणाची. तो मी मुलांच्या हातात एकदम देत नाही. पहिली दोन-तीन प्रकरणं स्वतः वाचून दाखवते, जुने शब्द जाता जाता उलगडते. नंतर मुलं स्वतः मागतात. चौथीच्या दुसऱ्या सत्रात द्यावा.

आणि मग 'फास्टर फेणे'. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) याची वीसेक पुस्तकं लिहिली, उत्कर्ष प्रकाशनाकडे ती मिळतात. इथं गोष्ट लांब असते, संकट एका प्रकरणात सुटत नाही, म्हणून वाचनाचा थोडा दम आलेल्या मुलांना द्यायची. चौथीतली पुढे असलेली मुलं दिवाळीनंतर यावर येतात, बाकीची पाचवीत. क्रमानं वाचली नाहीत तरी चालतं. आमच्याकडे सुरुवात 'प्रतापगडावर फास्टर फेणे'नं होते, कारण गड आमच्याच जिल्ह्यातला आहे आणि बहुतेक मुलांनी सहलीत पाहिलेला. तुम्ही जिथं असाल तिथल्या मुलांच्या ओळखीची जागा ज्या पुस्तकात असेल तिथून सुरू करा. २०१७ च्या चित्रपटातला फेणे मोठा झालेला आहे, पुस्तकातला शाळकरी. आधी पुस्तक, चित्रपट नंतर. म्हणजे मुलं दोघांमधला फरक स्वतः शोधतात.

सुरुवात कशी करायची

पहिलं प्रकरण तुम्ही वाचायचं. मुलांनी नाही. पुस्तक हातात देऊन 'आता वाचा रे' म्हटलं की अडखळणारी मुलं तिथंच मागे सरकतात. तुमच्या आवाजात पात्रांची बोलण्याची ढब, थांबण्याच्या जागा, प्रश्नाचा चढ, सगळं त्यांच्या कानात जातं आणि नंतर स्वतः वाचताना तेच परत येतं. घरी एकदा मोठ्यानं वाचून ठेवा. वर्गात पहिल्यांदा वाचणाऱ्या शिक्षकाचा आवाज सपाट येतो.

वाचताना मुलांना पान दिसू द्या. फास्टर फेणेचा, म्हणजे फाफेचा, तो प्रसिद्ध 'ट्टॉक' आला की मी थांबते आणि शब्द फळ्यावर लिहिते. ट ला ट जोडलेला, वर अर्धचंद्र. मुलं आधी 'ट्टाक' म्हणतात. अर्धचंद्र काय करतो ते सांगितलं की जिभेनं टाळूवर आवाज काढायची शर्यत लागते. दोन मिनिटं गोंगाट होऊ द्या. 'डॉक्टर', 'कॉलेज', 'बॉल' फळ्यावर आपोआप येतात आणि अर्धचंद्राचा वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

मग ऐन रंगात थांबायचं. मधल्या सुट्टीच्या आधीची वेळ उत्तम. नायक अडचणीत सापडला, पुढं काय होणार ते कळायला दोन पानं उरली, तिथं खूण घालून पुस्तक मिटायचं, टेबलावर ठेवायचं आणि जेवणाची भांडी मांडायला बाहेर जायचं. परत याल तेव्हा पुस्तकाभोवती डोकी असतील. त्यातलं एखादं मूल बाकीच्यांना वाचून दाखवत असेल. त्याला टोकू नका.

पुढचे काही दिवस तुम्ही एक प्रकरण, मुलांनी एक प्रकरण, असं चालू ठेवा. दुसरं पुस्तक सुरू झालं की तुमचा वाटा कमी करत जा.

जोडीनं वाचणं

एकेकाला उभं करून ओळीनं वाचायला लावण्याची पद्धत मी सोडायला सांगेन. एक वाचतो, बाकीचे आपली ओळ कधी येते ते मोजतात, आणि अडखळणाऱ्याची सर्वांसमोर शोभा होते. त्यापेक्षा जोड्या करा. एक बऱ्यापैकी वाचणारं मूल, एक हळू वाचणारं, दोघांत एक प्रत. यासाठीच वर जादा प्रती घ्यायला सांगितलं. पहिला एक परिच्छेद वाचतो, दुसरा तोच परिच्छेद मागोमाग वाचतो. नुकताच ऐकलेला असल्यामुळे तो त्याला जमतो. आठवडाभरानं दोघं एक-एक परिच्छेद वाटून घेतात. जोडी फार विषम नको: वर्गातलं सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत मागचं मूल एकत्र बसवलं की पहिलं कंटाळतं, दुसरं दबतं.

मूल अडलं तर लगेच शब्द सांगू नका. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. बऱ्याचदा चारला शब्द येतो. हा नियम जोडीतल्या मुलांनाही शिकवा; त्यांना बोटं मोजायला आवडतं.

मुलानं चुकीचा शब्द वाचला आणि अर्थ बदलला, तर वाक्य पुरं होऊ द्या, मग विचारा, 'पटतंय का?' बहुतेक वेळा मूल स्वतःच मागे जाऊन दुरुस्त करतं. अर्थ बदलला नसेल तर अजिबात थांबवू नका. आमच्या मुलांच्या घरी 'न्हाई', 'व्हतं', 'कुटं' असं बोलतात. पुस्तकात 'नाही' असताना मुलगा 'न्हाई' वाचतो तेव्हा त्यानं शब्द ओळखलाय, समजून घेतलाय आणि आपल्या भाषेत बोललाय. ही चूक नाहीच. त्या जागी टोकलं की मूल अर्थ सोडून उच्चाराकडे लक्ष देतं आणि वाचनाचा जीव जातो. लिहिताना प्रमाण रूप शिकवायला वर्ष पडलंय.

पुस्तक या मुलाला झेपेल का हे पाहायची एक सोपी रीत आहे. मधलं कुठलंही पान उघडून वाचायला द्या. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर पुस्तक सध्या जड आहे. मालिकेच्या बाबतीत पात्रांची आणि गावांची नावं यात धरू नका, ती दोन दिवसांत सुटतात. आणि जड निघालेलं पुस्तक मुलाला हवंच असेल तर हिसकावून घेऊ नका. ज्या मुलाला गोष्टीची ओढ लागलीय ते आपल्या पातळीच्या वरचंही रेटून वाचतं.

प्रश्न कोणते विचारायचे

स्वाध्याय नको. गोष्टीच्या खाली 'एका वाक्यात उत्तरे लिहा' आलं की मुलांच्या लेखी त्या पुस्तकाचा धडा होतो. पण बोलणं हवं, भरपूर हवं. मालिकेचा खरा फायदा इथं दिसतो, कारण मुलांना पात्र आधीपासून माहीत असतं. 'बोक्या असं का वागला असेल?' विचारलं तर पहिल्या गोष्टीनंतर उत्तर मिळतं, 'तो खोडकर आहे.' चौथ्या-पाचव्या गोष्टीनंतर तेच मूल म्हणतं, 'तो खोडी काढतो, पण ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या बाजूनं काढतो.' हे मी शिकवलेलं नसतं. अनेक प्रसंग जोडून माणूस ओळखणं हे सुट्या धड्यातून शिकवताच येत नाही, तिथं पात्र एकदाच भेटतं आणि निघून जातं.

आम्ही जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पात्रांची पत्रकं करतो. वर पात्राचं नाव, खाली मुलांनी आपल्या हातानं लिहायचं: याच्याबद्दल काय कळलं आणि कोणत्या गोष्टीत कळलं. नवं पुस्तक झालं की भर पडते. कधी आधीचं खोडावं लागतं आणि त्यावरून वाद होतात. वाद जुंपला की मी एवढंच म्हणते, 'पुस्तकात दाखव.' मुलं पानं चाळत ती जागा शोधून काढतात, मोठ्यानं वाचतात. मुद्दाम फिरून वाचायला सांगितलं असतं तर किती जणांनी वाचलं असतं?

वर्गातल्या महाराष्ट्राच्या नकाशावर फुरसुंगी आपल्या हातानं लिहून घ्या, प्रतापगड शोधा, दोन्हींमधला रस्ता बोटानं फिरवा. परिसर अभ्यासाचा तास तिथंच होतो.

मुलींसाठी मुद्दाम शोधावं लागतं

हे मला मनापासून सांगायचंय. आपल्याकडच्या गाजलेल्या मालिकांचे नायक बहुतेक मुलगे आहेत. सायकलवरून सुटणारा, चोर पकडणारा, मार खाऊन उभा राहणारा, मुलगाच. मुली या मालिका तितक्याच आवडीनं वाचतात, माझ्या वर्गात तर जास्तच, पण धाडस करणारं कुणी आपल्यासारखं दिसत नाही हे त्यांना जाणवतं. फाफे हाती आला की मुली आधी त्यातली मुलगी, माली, कुठं येते ते विचारतात. ताम्हनकरांची 'चिंगी' आवर्जून आणा. राधा आहेच. आणि मुलग्यांनाही ही पुस्तकं वाचायला द्या, 'ते मुलींचं' असा शिक्का बसू देऊ नका.

उरलेली उणीव आम्ही लिहून भरून काढतो. चौथीच्या शेवटी वर्गाची स्वतःची मालिका असते. नायिका आमच्याच गावातली, तिची शाळा, तिचा कुत्रा, कोयनेच्या पाण्याची भीती वाटणारी तिची आजी, हे सगळं मुलं मिळून ठरवतात. मग प्रत्येक जोडी एक भाग लिहिते. अट एकच: आधीच्या भागात जे ठरलं ते मोडायचं नाही. ही अट पाळायला प्रत्येकाला बाकीच्यांचे भाग वाचावे लागतात. शंभर पानी वही, मध्ये दोरा घातलेला, कपाटात छापील पुस्तकांच्या शेजारी राहते आणि पुढच्या वर्षीची मुलं ती आधी मागतात.

घरी

पुस्तक घरी गेलंच पाहिजे. फाटेल, ओलं होईल, धाकटं भावंड त्यावर रेघोट्या मारेल. खाकी कव्हर घाला, पाठीला चिकटपट्टी लावा आणि देऊन टाका. हरवलं तर दंड घेऊ नका. एकदा दंड झाला की त्या घरातलं मूल पुन्हा पुस्तक नेत नाही. कुलूपबंद कपाटातली कोरी पुस्तकं पाहून मला वाईट वाटतं, फाटलेल्यांचं नाही.

घरात वाचता येणारं कुणी नसेल तर अडत नाही. मुलानं आजीला वाचून दाखवायचं. आजीचं काम ऐकायचं आणि 'मग काय झालं?' विचारायचं. हे पालक सभेत सांगा, करून दाखवा. जावळीतली कितीतरी घरं वाशीच्या बाजारातल्या माथाडी कामावर चालतात. वडील महिना-दोन महिन्यांनी गावी येतात. त्या मुलांना मी सांगते, रात्रीच्या फोनवर दोन पानं वाचून दाखवा. एका वडिलांनी दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून विचारलं होतं की ती गोष्ट पुढं कुठं गेली, पोरगं आज शाळेत वाचून आलं का.

पुस्तकं आणायची कुठून

'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. यादी स्वतः करा आणि मालिका एकसंध मागा, नाहीतर तिसरा आणि सातवा भाग येतो, बाकीचे येत नाहीत. वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याऐवजी मालिकेतलं पुढचं पुस्तक शाळेला द्या असं पालकांना सुचवा. आत मुलाचं नाव लिहिलं की ते मूल त्या पुस्तकाचं पालक होतं. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या मालिका बऱ्याचदा पूर्ण असतात. साताऱ्याकडे असाल तर पाचगणीजवळचं भिलार, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव, सहलीत घ्या. तिथं घराघरांत बसून फुकट वाचता येतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, त्या छापून घ्यायची मोकळीक आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर विनामूल्य आहेत.

प्रगती मोजताना घड्याळ लावायचं ते महिन्यातून एकदा, मुलाला बाजूला घेऊन, एक मिनिट. मालिकेतलं न वाचलेलं पान द्या. बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि वाचलेलं त्याच्या शब्दांत सांगायला लावा. शब्द वाढले पण सांगता आलं नाही तर वेगाच्या मागे लागू नका, आणखी एक भाग याच पातळीचा द्या. हा आकडा भिंतीवर लावू नका.

मालिका संपल्यावर

मुलं हिरमुसतात. तेव्हा लगेच अवघड पुस्तकाकडे ढकलू नका. त्याच लेखकाचं दुसरं काही द्या. लेखकाची भाषा ओळखीची असते. भागवतांचेच आणखी नायक आहेत, मुलांना ते पाहून फार आनंद होतो. पाचवी-सहावीत सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी द्या. अशोक जैन यांनी केलेले त्यांचे मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाकडे आहेत. तिथं गोष्ट फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे सांगतो. त्याला जे दिसतं तेवढंच आपल्याला कळतं, आणि रहस्य मात्र फेलूदाच्या डोक्यात असतं. सांगणारा एक आणि नायक दुसरा, हे पहिल्यांदा समजायला मुलांना थोडा वेळ लागतो. पहिली गोष्ट वाचून दाखवा.

काही मुलं पुढे जातच नाहीत, तोच भाग पुन्हा मागतात. द्या. माझ्याकडे एक मुलगा आहे, ऊसतोडीच्या हंगामात आईबापाबरोबर येतो, हंगाम संपला की जातो. आला की बोक्याचा पहिला भागच मागतो. आधी तो त्यातली चित्रं पाहायचा, मग जोडीदाराबरोबर वाचायचा, यंदा तो पहिलीच्या पोरांना घेऊन बसला आणि त्यांना वाचून दाखवायला लागला. जाताना ती प्रत त्याला देऊन टाकली. शाळेसाठी दुसरी मागवलीय, सोबत त्याच्यासाठी दुसरा भागही.